नव्या कॉम्प्युटरनं खाल्लेल्या गप्पा

१० नोव्हें., सोम.
आले! आमच्या रेडिओ केंद्रात दोन नवे कॉम्प्युटर, एक मराठीला, एक कानडीला. टिळकवाडीच्या इंजिनिअरनं जुनं मशीन पायानं बाजूला सारलं. जरा वाईट वाटलं, पण जराच. त्या खटाऱ्यानं लई छळलंय. माझा मराठी कार्यक्रम संपवून पद्माआक्काचा कानडी उघडायचा, तर ते विचारच करत बसायचं. तोवर निपाणीकर झोपू नयेत म्हणून आम्ही दोघी माइक चालू ठेवून गप्पा मारायचो. मी माझ्या मोडक्या कानडीत, ती तिच्या बोरगावच्या मराठीत, एकमेकींच्या चुका काढत. सुटलो आता.

११, मंगळ.
माझं 'नमस्कार' संपतंय न संपतंय तोच कानडीची धून सुरू! आमचे मॅनेजर, म्हणजे सर, काचेपलीकडून अंगठा दाखवतायत. आक्कानं तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. "अगं, सुनेचं सांगायचं हुतं," म्हणाली.

१३, गुरु.
दिवसभर फोन. चिकोडीचे एक आप्पा: "मशीन बिघडलंय काय? तुमी दोघी बोलंना झालाय." म्हटलं, आप्पा, बिघडलेलं ते आता दुरुस्त झालंय. "मग परत बिघडवा की!" सरांना सांगितलं. हसले नाहीत.

१४, शुक्र.
हे काय नवीनच. सर म्हणाले, आता आक्कानं इथं यायची गरज नाही. घरी मोबाइलवर बोलून पाठवलं तरी आपोआप लागतंय. बसचा त्रास वाचेल. आक्का खूश, गुडघे दुखतात तिचे. मीही 'छान छान' केलं. घरी येऊन नवऱ्यावर उगाच डाफरले. मला ती समोर हवी आहे, झालं.

१७, सोम.
सरांपुढे हट्ट धरून बसले. शेवटी तयार: आठवडाभर गप्पांना जागा देतो, लोकांना आवडल्या तर आक्का इथं, नाहीतर घरून. आक्काला विचारलं, गुडघ्यांचं काय? "घरी तरी कुठं बसतीया मी?"

१८, मंगळ.
पार माती. स्क्रीनवर चौकोन, त्यात लिहिलेलं 'गप्पा', शेजारी सेकंद उलटे पळतायत. आम्ही दोघी गप्प! मग मी शुद्ध मराठीत हवामान सांगितलं आणि आक्कानं कानडीत आभार मानले. बाहेर आल्यावर तीच मला: "बँकेत आल्यागत काय गं बोललीस?"
झोप कसली येतेय. अशानं आक्का जाणार.

२०, गुरु.
आक्कानं आज स्क्रीनवर शालच टाकली. आकडे दिसेनात. मग जी सुटली! सुनेनं मोबाइलवर बघून होळीगेत, म्हणजे पुरणपोळीत, चॉकलेट भरलं, ते हिच्याच नवऱ्यानं मागून मागून खाल्लं, याचाच हिला राग. मी कानडीत सुनेची बाजू घेतली, वाक्यागणिक चुकत. ती "अल्ल री, अल्ल! तसं न्हवं!" करत, हसून बेजार. वेळ संपल्याचं कळलंच नाही. सर आत घुसले, "टाइम ओव्हर!" माइक चालूच. आक्का काय सोडतेय? "सर, तुमीच सांगा, सासू बरोबर का सून?"
सर इंग्रजी विसरले. खुर्ची ओढून बसले आणि आपल्या आईचं नि बायकोचं भांडण कानडीत सांगत सुटले. सगळं गेलं हवेवर.

२१, शुक्र.
सगळ्या फोनवर एकच: तो तिसरा कोण, त्याला रोज बसवा. सर सकाळपासून कुणाच्या समोर येईनात. बायकोनं ऐकलं असावं.
संध्याकाळी धीर करून विचारलं, आक्काचं काय ठरलं?
"सोमवारी बघू," म्हणाले. मग टेबलाकडे बघत, "बायकोची बाजू सांगायची राहिलीय माझी."
मी स्टँडवर पळत गेले. आक्का बसमध्ये चढत होती. तिला सगळं सांगितलं.
"म्हंजे? सोमवारी येऊ का नको?"
मला तरी कुठं माहीत. "ये," म्हटलं.