कापसाचं हसरं तोंड

९ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

यांचा खोकला आता कमी आहे. चष्म्यांचं दुकान पुन्हा उघडलंय. माझं विचारू नकोस.

एकच मागणं आहे. तू ठमीला दिलेला कापूस परत घेऊन जा. लेक तापात गेली, घर सुनं झालं, पण या कुत्र्याची पाठीवर चढलेली शेपूट एकदाही खाली आली नाही. भेटायला माणसं डोळे पुसत येतात आणि हा हसत त्यांच्यापुढे धावतो. परवा शेजारीण म्हणाली की मुक्या जनावराला तरी काही वाटायला हवं होतं. मलाही तेच वाटत होतं. ठमी त्याला स्वतःच्या ताटातलं भरवायची रे. तुझ्याकडची ही जातच अशी कोरडी असते, की हाच एक बिघडलाय? खरं काय ते कळव.

तुझी,
धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो. ही बर्फाच्या मुलखातली जात. अंगावर केसांचे दोन थर, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. कान लहान, जाड, ताठ. शेपूट भरघोस, पाठीवर वळलेली. आणि ओठांचे कोपरे वर गेलेले. ते खाली ओघळले तर लाळ गळून थंडीत गोठेल, असं मला कुत्र्यांच्या पैदाशीचं काम शिकवणारे मालक सांगायचे. स्वभाव म्हणशील तर राखणीला अगदी निरुपयोगी. चोर आला तर त्याचंही तोंड चाटतील. माणसांना चिकटून झोपण्यात यांच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे परका म्हणजे काय हे यांना ठाऊकच नाही.

कापूस बिघडलेला नाही. त्या विणीत सगळ्यांत हसरं तोंड त्याचं होतं, म्हणून तर मी तो ठमीसाठी निवडला. तेच तुला असं टोचेल हे मला कुठे माहीत होतं?

पण तोंडाची ठेवण म्हणजे मन नव्हे. नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हा तू फाटकापर्यंत हसत गेलीस. मावशी म्हणाली, पोरीला माया नाही. बसमध्ये तुझ्या शेजारी मी बसलो होतो. माझ्या सदऱ्याची बाही कशाने भिजली, ते मावशीला कधी सांगितलं नाही.

मी रोज देवापुढे ठमीचं नाव घेतो. मागायला काही सुचत नाही, नुसतं नाव घेतो.

रविवारी येतो. तुला तो नकोसाच असेल तर घेऊन जाईन, एक शब्द बोलणार नाही. माझ्या वाट्याचा लोभ तेवढा राखून ठेव.

दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. चोराचं तोंड चाटतील, इथे त्यांना हसू आलं. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मला काही पटलं नाही. हे दुकानात गेल्यावर मी कापसाला पुढ्यात घेतलं आणि बोटांनी त्याच्या ओठांचे कोपरे खाली ओढले. तिच्यासाठी एकदा तरी तोंड पाड, म्हटलं. सोडले की पुन्हा वर. पुन्हा ओढले. त्याला दुखलं असेल, पण गुरगुरला नाही की हलला नाही.

तेवढ्यात बेल वाजली आणि तो सुटला. एरवी दार हे उघडतात, मी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. आज मी उघडलं. पोस्टमन होता. कापसाने त्याचा हात हुंगला, शेपूट हलवली आणि त्याच्या पायांजवळून पुढे होऊन जिन्यात डोकावला. खाली पाहिलं, मग वर पाहिलं. पोस्टमन म्हणाला, तो दर वेळी माझ्या मागे कुणी आहे का ते बघतो. दार लावलं तरी कापूस उंबऱ्याशीच बसून राहिला, तसाच, हसऱ्या तोंडाने. मग मीही तिथेच खाली बसले. ठमी गेल्यावर पहिल्यांदाच मोकळेपणी रडले, दादा.

रविवारी ये, पण त्याला न्यायला नको. लोभ आहेच, म्हणून हक्काने आणखी एक सांगते. बेल वाजवू नकोस. खालपासूनच हाका मारत ये, म्हणजे तूच आलायस हे त्याला आधी कळेल.

तुझी,
धाकटी