बाहेरचा तास

बुधवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठीक आहोत. दाजींचा खोकला गेला का? तू पाठवलेला स्वेटर बाबांना बसला. बाह्या जरा लांब आहेत, दुमडून घातल्या.

बाबांच्या विसरण्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तू दर पत्रात विचारतेस. रोज तासभर उघड्यावर, झाडांत. गोळ्यांइतकंच ते गरजेचं. खरं आहे. पहिल्याच आठवड्यात बाबा रात्री सलग झोपू लागले, जेवण मागून घेऊ लागले. तळ्याकाठी एक जुनं झाड आहे. त्याच्या सालीवर हात फिरवून म्हणाले, "आतून पोकळ आहे हे. याचं दार केलंस तर चोराला कडीसुद्धा काढावी लागणार नाही." दोघंही हसलो. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. झाडाला हात लागला की डोकं ठिकाणावर येतं.

इतकं तुला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नाही.

घरात बाबा मला ठमी समजतात. "ठमे, जेवलीस का? दमलीस गं, बस जरा." माझा हात हातात घेऊन बसतात. मी दुरुस्त करत नाही. ठमी तू. मला त्यांनी कधी लाडाचं नाव ठेवलं नाही. हाक मारायची तर "अगं ए".

झाडाखाली मात्र ते माझ्याकडे नीट बघतात. एकदा विचारलं, "तू होय? ठमी कुठंय?"

"तिच्या घरी, बाबा."

"मग तू इथं काय करतेस? मशीन बंद ठेवून आलीस? लोकांचे कपडे कोण शिवणार?"

त्यांना सगळं बरोबर आठवत होतं. घरी येऊन खुर्चीत बसले, मी दिवा लावला, आणि पुन्हा, "ठमे, आलीस?"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, गार वारा आहे. मग त्यांचा गुडघा. मग माझं शिवणकाम. महिना होत आला, ताई, त्यांना नेलेलं नाही. तुला मात्र लिहीत राहिले, रोज नेते म्हणून. तळ्यावर बदकं आली असंही लिहिलं. आली असतील. मी पाहिली नाहीत.

त्यांची झोप पुन्हा उडाली आहे. आज सकाळी दाराच्या चौकटीवर हात फिरवत उभे होते, बराच वेळ. ती त्यांनीच बसवलेली. मला विचारलं, "ठमे, हे कुठलं लाकूड गं?"

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

हे पत्र टाकायला जाताना त्यांना घेऊन जाते आहे. पेटी तळ्याच्या वाटेवरच आहे. स्वेटर घालून ते दारात उभे आहेत, "ठमे, चल ना" म्हणताहेत. झाडाखाली काय म्हणतील ते मला माहीत आहे. उद्याही नेईन.

तू ये. ठमी कुठंय म्हणून विचारतील, तेव्हा तू तिथं असायला हवीस.

तुझं नाव तुला परत.

धाकटी