डावा कौल

३ नोव्हेंबर, सोमवार
रक्तगट जुळला! माझा नाही — ह्यांचा. मनूचा ओ, माझा बी. बारा वर्षं कडेखांद्यावर वागवली आणि किडनी द्यायची वेळ आली तर तिची आईच बाद! पण तिचे बाबा ओ निघाले. मुंबईच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आता लांबवू नका. मुलांना फार काळ डायलिसिसवर ठेवलं की वाढ खुंटते, हृदयावर ताण येतो." दोन वर्षं मनूचा तोच गणवेश चालतोय. मुलीचा फ्रॉक आखूड होत नाही म्हणून रडणारी मीच एक असेन.

५ नोव्हेंबर
सासूबाई नुसते तांदूळ निवडतायत. एकुलत्या एक मुलाचं पोट कापणार, दुसरं काय! कळतं मला. पण माझीही एकुलतीच आहे ना?

८ नोव्हेंबर
आज जीवच गेला होता. दुपारी मनू म्हणते, हातपाय जड झालेत. काय खाल्लंस? काही नाही. खोदून विचारलं तेव्हा — शहाळं! आजीनं दिलं, अख्खं! आमच्याकडे माणूस आजारी पडलं की आधी शहाळं. पण हिच्या अंगातून त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, हृदय बंद पडू शकतं. दहादा सांगून झालंय! पालीहून रिक्षानं रत्नागिरी गाठली, ठरलेल्या वाराआधीच डायलिसिसला लावली. मशीन सुरू झाल्यावर मी खाली बसले.

घरी येऊन सासूबाईंना नाही नाही ते बोलले. "नारलाच्या पान्यान कुनाचा वायट झालान काय कदी?" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले, पण मोरीत जाऊन.

१२ नोव्हेंबर
कमाल झाली. सासूबाईंनी परस्पर देवळात कौल लावला! आपल्या मुलानं, निलेशनं, किडनी द्यावी का? भिकाजी गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. डावीकडची पडली. म्हणजे देव नाही म्हणतो.

हे जेवलेच नाहीत. म्हणाले, "मी काय देवभोळा नाही गं. पण मनाला लागून राहतं."

मनाला! आणि मनूचं काय? देवाला किडनीतलं काय कळतं! — लिहून गेले खरी. देवा, चुकले. माझा राग पोरीवर काढू नकोस.

१३ नोव्हेंबर
मनूनं विचारलं, "बाबा नाही म्हणाले का?" मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

१७ नोव्हेंबर
आज ह्यांच्या पुढच्या तपासण्या होत्या. गेले नाहीत. कामावर सुट्टी नाही म्हणे. थापा! घाबरलेत. मी तरी कुठे शूर आहे? दोघांना एकदम आत नेतील आणि मी बाहेर एकटी! पण मनूला थांबायला सवड नाही. डायलिसिस चालू असताना आज बीपी इतकं खाली गेलं की तिला माझी हाकही ऐकू येईना.

१९ नोव्हेंबर, सकाळ
सासूबाई पहिल्या एसटीनं न सांगता गेल्या. रुसून माहेरी, लांज्याला गेल्या असणार. जाऊ देत. मला मनूला घेऊन निघायचंय.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ
लांज्याला गेल्याच नव्हत्या. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या, कोपरात कापूस दाबून. रक्तगट तपासून आलेल्या. त्यांचाही ओ!

"निल्याची ऱ्हावदे. माजी घेवा."

मी विचारलं, "आई, पण कौल?"

"परत लावलंय. माला पन डावाच दिलान," पदर सावरत म्हणाल्या. "देवाला सांगून आलंय — रागाव हवा तर, पन मी आता तुजा ऐकनार नाय."