माडग्याखालची वेल

वारणानगर,
ता. ५ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनी हिस आत्याचे अ. उ. आ. आशीर्वाद रिवाजापुरते आहेत, उगाच हुरळून जाऊ नकोस.

फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि कॉलनीला फुकटचा तमाशा झाला असता, म्हणून लिहिते. शेजारच्या निशिगंधानं काल मोबाइलवर तुझा तो ब्लॉग दाखवला, ‘चिमणाबाईची चूल’. आज्जीचा तुला एवढा उमाळा आला ते ठीक. हुलग्याचं माडगं मात्र तू चुकीचं सांगितलं आहेस. आई हुलगे भाजून दळायची, तू नुसते भिजवायला लावतेस.

ते जाऊ दे. साहित्य आणि कृती यांच्या मधे, कृती आणि आठवणी यांच्या मधे, आणि शेवटी तुझ्या नावाच्या डोक्यावर तू जी वेलीची पट्टी डकवली आहेस, ती कुणाला विचारून? ती माझ्या हातची आहे. छत्तीस वर्षांपूर्वी माहेरी धाडलेल्या पत्रावर, खुशाली आणि मजकूर यांच्या मधे मी निळ्या शाईनं काढलेली. तू ती हिरवी केलीस.

आठ दिवसांत ती सगळीकडून काढून टाक. कारण सांगायला मी बांधील नाही. तुझ्या बापालाही मधे घालू नकोस, अमरसिंहरावांशी माझं बोलणं नाही हे तुला ठाऊक आहे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. पट्टी निघाल्यावर लिहीन.

संयोगिता


कसबा बावडा,
ता. ९ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यांना प्रियदर्शनीचा सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला असं समजा, मान ताठच आहे.

सत्तावीस वर्षांत तुम्ही मला लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि तीही नोटीस! वाढदिवसाला कधी दोन ओळी लिहिल्या असत्या तर नोटिसीला थोडा मान दिला असता.

पट्टी मी डकवलेली नाही, काढली आहे. टॅबलेटवरच्या चित्रांच्या ॲपमध्ये तुमच्या पत्राचा फोटो तळाच्या थरावर ठेवला, फिका केला आणि वर नवा थर घेऊन पेननं गिरवला. पहिल्या दिवशी हात थरथरला. दुसऱ्या दिवशी रेघ गुळगुळीत करणारा ब्रश घेतला तर वेल प्लॅस्टिकची दिसायला लागली, म्हणून सगळं पुसून पुन्हा साध्या हातानं काढली. तुमची वेल बरोबर मधे तुटते आणि तुटल्या जागी एक कोयरी उलटी लोंबते. मी अर्धीच वेल घेतली, ॲपमधल्या आरशानं तिची दुसरी बाजू केली आणि आता दोन कोयऱ्या समोरासमोर आहेत. तीन संध्याकाळी गेल्या. लोकांनी माडग्यापेक्षा पट्टीचंच कौतुक केलं. दोघींनी तर विचारलं, ही कुठं मिळते.

कौतुक केलं नाही ते फक्त आबांनी. पट्टी पाहिली आणि ताटावरून उठले. तुम्ही बहीण-भाऊ एकाच मुशीतले दिसता.

आज्जीनं जपलेली तुमची पत्रं मी पाहिली आहेत. कुठं पानं वर, कुठं खाली, पण सगळ्या वेली अखंड. मला त्या मिळमिळीत वाटल्या. शाळेचा दाखला शोधताना आबांच्या पत्र्याच्या पेटीत ही एक सापडली आणि हीच आवडली.

आता हक्काचं बोलू. आज्जी अंथरुणावर होती तेव्हा तिची कूस मी बदलत होते. तुम्हाला चार निरोप गेले. तुम्ही आलात थेट दिवसकार्याला, आणि पाण्याचा घोट न घेता उठून गेलात. ती शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होती. तिच्या नावाच्या ब्लॉगवर काय राहावं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवू नका. पुढच्या आठवड्यात दशम्यांवर लिहिते आहे, त्यालाही हीच पट्टी लागेल.

लोभ तुमच्याकडे थोडाफार शिल्लक असेल तर असू द्या.

प्रियदर्शनी


वारणानगर,
ता. १३ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनीस, आशीर्वाद मागच्या पत्रातलेच चालव.

तुला हक्काचं बोलायचं आहे ना? मग ऐक.

माझं लग्न साटंलोट्याचं. मी या घरात आले, आणि या घरची लेक, माझी नणंद, म्हणजे तुझी आई, सहा महिन्यांनी माझ्या दादाला द्यायची ठरली. इकडची पोर परत गेली तर तिकडची जायची नाही, असा तो सौदा. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, दादा तिला पत्रं वाचून दाखवायचा. आणि माझी पत्रं सासरे आधी वाचायचे, मगच टपालपेटीत टाकू द्यायचे. हे होणार हे आईनं ओळखलेलं. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं परातीतल्या पिठावर बोटानं वेल काढून दाखवली आणि बजावलं, की पानं वर असली तर पोरगी बरी हाय, खाली असली तर सोसतीया, आन् वेल तुटली की मी दादाला गाडी घिऊन धाडते.

पहिल्या एक-दोन पत्रांत मी पानं वर काढली, मग चार महिने खाली. मग एक दिवस भाकरी करपली म्हणून नवऱ्यानं उलथनं तापवून माझ्या दंडाला लावलं. त्या दिवशी मी वेल तोडली. उलटी कोयरी माझी भर, आईला ती तूट म्हणजे शाई संपल्याची खूण वाटू नये म्हणून. सासऱ्यांनी पत्र वाचलं आणि नक्षी छान आहे म्हणाले.

मी दारात बसून रस्ता बघायचे. कोणी आलं नाही. मे महिन्यात तुझ्या आईबापाच्या लग्नात करवली म्हणून मिरवले. मांडवात आईनं विचारलं, की बरी हाईस न्हवं? मला वाटलं, हिनं वेल पाहिली, पोराचं लग्न मोडू नये म्हणून गिळली, आणि आता वर हे सोंग. मी म्हटलं की तुला ठाऊक न्हाय व्हय? त्यानंतर मी तिच्याशी धड बोलले नाही. तिच्या शेवटालाही आले नाही, ते याच रागानं.

आणि तू ती वेल माडग्याच्या खाली लावतेस, आरशात दुमडून. मी जे एकदा सांगितलं होतं ते तू दोनदा सांगते आहेस, आणि लोक विचारतात कुठं मिळते! आईची आरती ओवाळायची तेवढी ओवाळ, पण माझी ती रेघ तिच्या नावाखाली मी राहू देणार नाही.

लोभाची ओळ आज लिहवत नाही.

संयोगिता


कसबा बावडा,
ता. १८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यांना प्रियदर्शनीचा सा. न. या वेळी खरंच वाकून.

पट्टी काढली. मूळ फाइलही पुसली. मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते आहे.

पण आत्या, माझ्या पत्रातली एक ओळ तुमच्या नजरेतून सुटली. ती वेल मला आज्जीच्या गठ्ठ्यात सापडली नाही, आबांच्या पेटीत सापडली. पत्र वाचून झालं की आज्जी कोपऱ्यात हळदीचं बोट टेकवून ठेवायची. मी पुन्हा सगळी काढून पाहिली. प्रत्येकावर ते पिवळं बोट आहे, या एकावर नाही.

आबांना विचारलं. आधी आठवत नाही म्हणाले. मी पत्र पुढ्यात धरलं तेव्हा टीव्ही बंद केला. वेलीची खूण आज्जीनं त्यांनाही शिकवली होती, कारण गाडी त्यांनाच न्यायची होती. तोवर लग्नपत्रिका छापून आल्या होत्या. तुम्ही परत आला असता तर आई या घरात आली नसती. त्यांनी ठरवलं की लग्न होऊ दे, मग जाऊ. लग्नानंतर तुम्हाला आणलं असतं तर आईला परत धाडावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. पत्र जाळायला हात धजला नाही म्हणाले. मग माझ्यावरच ओरडले, की चुकलं माझं, आता काय जीव देऊ व्हय? मी म्हटलं जीव नको, उत्तर द्या. ते उठून गोठ्याकडे गेले. तीन दिवस आम्ही एका घरात बोलत नाही. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

ते पत्र पोचलं असतं तर मी जन्मालाच आले नसते. आणि मी तुम्हाला हक्क शिकवत होते.

त्या पत्रानंतरच्या तुमच्या पत्रांवर एकही वेल नाही. शेवटच्या आजारात आज्जी मला सारखी विचारायची, की संयोगितानं वेल काढायचं का सोडलं गं? मला काही कळायचं नाही, मी औषध द्यायचे. तिनं ती वेल पाहिली नव्हती, आत्या.

माझ्यावर लोभ ठेवायला सांगायचं तोंड मला नाही. आज्जीवरचा राग सोडलात तरी पुरे.

प्रियदर्शनी


वारणानगर,
ता. २४ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद, रिवाजापुरते नव्हेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि एकदा फेकून दिलं. निशिगंधानं उचलून आणलं. दादाला तोंडभरून शिव्या घातल्या, पण मांडवात आईनं विचारलं तेव्हा मी बाही वर करून दंड दाखवला असता तर? दाखवला नाही. आई वाट बघत गेली आणि मी इथं बसून तिला दूषणं देत होते. आता रडून तिला काय त्याचं.

तुझा जन्म ही तुझी चूक नाही, तेवढं डोक्यातून काढ. तुझ्या आईलाही सांगू नकोस. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

वेल पुन्हा काढ. आरसा वापरू नकोस. निळी काढ, जशी पत्रावर आहे तशी पूर्ण, एकच कोयरी, आणि मधली तूट जोडू नकोस. माडग्याखाली लावू नकोस, सगळ्यात वर आज्जीच्या नावाखाली लाव. म्हणजे तिला एकदाची पोचेल, आणि दादालाही रोज दिसेल.

आणि त्याला निरोप दे. म्हणावं वेल तुटली आहे, गाडी घेऊन ये. रविवारी ये, कॉलनीतली माणसं घरी असतात. तू बरोबर ये, तुझ्यासाठी माडगं करते, हुलगे भाजून. त्याला चहाही मिळणार नाही. त्यानं गाडी माझ्या दारात उभी करायची, खाली उतरायचं आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, की संयोगिता, तुला न्यायला आलोय.

मी ‘नाही’ म्हणणार आहे. घर माझ्या नावावर आहे, नवरा मेला, दंडावरचा डागही पुसट झाला, आता कुठं जायचं? पण ते ‘नाही’ म्हणायचं माझं राहून गेलं आहे.

लोभ आहे तो तुझ्यावर. त्याला तसं स्पष्ट सांग.

तुझी आत्या,
संयोगिता