राणीला लावलेलं कुंकू

ती. सौ. सुवर्णाताईस,

निफाडहून धाकट्या संतोषचा साष्टांग नमस्कार. तुम्ही हरसूलची मंडळी खुशाल असालच. दाजींचा गुडघा काय म्हणतो? आईची तब्येत विचारत नाही, कारण तुझ्याकडे येऊन महिना झाला तरी ती माझा फोन घेत नाही. (तब्येत ठणठणीत असल्याचंच हे लक्षण.) माझा गुन्हा तुला ठाऊक आहे. आई, आता शेतात येऊ नकोस, घरी राणीसारखी बसून राहा, एवढंच मी म्हणालो. तिने त्याच दुपारी पिशवी भरली.

तर इकडची हकीकत अशी. कांद्याचं बी धरलंय, डोंगळ्याच्या दांड्यांवर फुलांचे गेंद आलेत, पण औषधं मारून मारून रानात बी भरायला मधमाशी उरलेली नाही. म्हणून बांधावर दोन मधपेट्या आणून ठेवल्या. पेटीवाल्या लंकाबाई म्हणाल्या, राणीमाशीला रंगाचा ठिपका लावा, म्हणजे पेटी तपासताना चटकन सापडते. घरात रंग नव्हता, निकिताची ओल्या कुंकवाची बाटली होती. (लेकुरवाळीला कुंकू लावायला रंगाची वाट कशाला बघायची?) काडीने लावलं आणि वाळेपर्यंत राणीला काडेपेटीत ठेवलं. अर्ध्या तासात पेटीचा सूरच बदलला. ताई, अंगावर काटा आला. तो राग नव्हता. घरातलं माणूस हरवल्यावर गल्लीभर जी शोधाशोध चालते ना, तसला आवाज. घाबरून राणीला परत सोडलं. (दोन डंख, दोन्ही नाकावर. फोटो पाठवणार नाही.)

मग जे पाहिलं ते सांगायला शब्द अपुरे पडतात. कामकरी माश्यांनी तिच्याभोवती कडं केलं, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. एक तोंडाने भरवतेय, दुसरी अंग चाटून साफ करतेय, तिसरी घाण उचलून नेतेय. बघता बघता माझं कुंकूही चाटूनपुसून साफ! लंकाबाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या, "अहो भाऊ, मी रंग म्हणले व्हते, हळदीकुंकू नाय!"

पण मी हबकलो ते वेगळ्याच गोष्टीने. राणी बसतच नाही गं. एका घरात अंडं, लगेच पुढचं घर. दिवसाला हजारावर अंडी! तिला स्वतःच्या हाताने खायला उसंत नाही, म्हणून त्या भरवतात. मी तासभर उन्हात उभा होतो, ती एकदाही टेकली नाही. आईला मी काय बोलून बसलो ते तिथे कळलं. लाज वाटली, ताई.

रविवारी गाडी घेऊन येतो. तिला पाठव. दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
संतोष

ता. क. पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव, फक्त इथून पुढचं गाळ. राणी थकली की त्याच माश्या नवी राणी तयार करतात, असं लंकाबाई नंतर म्हणाल्या. हे आईच्या कानावर जायला नको.

आणखी एक. आई "कशाला येऊ?" म्हणाली तर "तो तुझी काळजी घेईल" असलं काही बोलू नकोस. महिन्याभरात डोंगळा खुडणीला येईल, सुनेला बी चोळता येत नाही, सगळं मातीत जाणार, एवढंच म्हण. (निकिताला उत्तम येतं. 'सुनेला येत नाही' हे वाक्य तिनेच सांगून लिहून घेतलंय.)