जपानच्या भात्याला ठिगळ

माय, सगळ्यात आधी कोण आलं आसंल? शहागडच्या वन्सं! नातीचा कॅमेरा जपानहून आला ही खबर मी फक्त शेजारणीला सांगितल्ती, तर आज पहिल्या गाडीनं वन्सं जावेला घेऊन जालन्यात, आमच्या मस्तगडात हजर. चपला काढायच्या आधी म्हणल्या, "वैनी, कुठंय ती पेटी? कुणीतरी वापरलेली घेतली म्हणं. जालन्यातलं जुनं सामान सरलं व्हतं का?" मी म्हणलं, आधी पाणी प्या, मंग नाक मुरडा. नात आत तोंड दाबून हसून राह्यली.

तुला सांगायचं राह्यलंच, माझी नात फोटो काढती. बारशाला, वाढदिवसाला बोलवतेत, लग्नाचं काम अजून कुणी दिलं न्हाई. तिला जुन्या तऱ्हेचा, रीळ घालायचा कॅमेरा पाह्यजे व्हता. पुढं काच, मधी काळ्या कातड्याचा घडीचा भाता, लोहाराच्या भात्यावानी पण मुठीएवढा. फोनवर बघूनच पसंत केला. फोटोत नुसता लखलख करत व्हता. मला तवाच तू आठवली. टेंभुर्णीच्या आपल्या दारात बोहारीण बसलीय, जुन्या लुगड्यांवर पातेलं द्यायला तयार झालीय, आन तू डोक्यावरून पदर ओढून पातेल्यात तोंड घालतेस, उन्हाकडं धरून बारीक भोक हुडकतेस. ती बोंबलती, "मालकीण, पातेलं घ्यायचं का नवरा बघायचाय?" तू आतूनच म्हणतेस, "नवरा न बघता केला, म्हणून पातेलं बघून घेते." मी नातीला म्हणलं, बाई, जपानच्या पातेल्यात तोंड कसं घालणार? ती म्हणली, "आजी, विकणाऱ्यानं लिहिलंय, चालू आहे."

पार्सल आधी कस्टमवाल्यांकडं अडकलं, वर टॅक्स भरला. उघडलं तर काचेच्या कोपऱ्यात बुरशी, लोणच्यावर येती तशी. ती बरीचशी पुसून निघाली. मंग नातीनं दार लावून अंधार केला, भात्यात मोबाइलच्या बॅटरीचा उजेड सोडला, आन माय, काळ्या भात्यावर चांदण्या! भोकातून उजेड शिरला की रीळ खराब. परत धाडायचा खर्चा कॅमेऱ्याएवढा, आन तिकडचा माणूस लिहितो, जुनी वस्तू आहे, परत घेत न्हाई. लेक बोलला, "भंगारात पैसे घातले. आता बास कर हे फोटोचं." पोरगी जेवली न्हाई. मंग मी घरातलं एक काळं कापड काढलं, दुहेरी केलं, खळ पातळ लावली म्हंजे घडी मोडणार न्हाई, आन एकेक भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार, पुन्हा बॅटरी. एक चांदणी दिसली न्हाई. मी तर टाळ्याच वाजवल्या.

तर आज वन्सं आन त्यांची जाऊ दारात खुर्च्यांवर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, फौजदारासमोर बसल्यावानी. खट्ट झालं. वन्सं म्हणल्या, "दाव."

"आत्याआजी, आज न्हाई दिसत. रीळ धुवायला पुण्याला धाडावं लागतं."

"म्हंजे? कॅमेरा जपानचा आन फोटो पुण्याला? आमचं तोंड शहागडला कधी यायचं?"

जाऊबाई तर हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. पण निघताना वन्सं बराबर मुद्द्यावर आल्या. "पोरी, फोटो चांगला आला तर माझ्या नातवाच्या लग्नाचं काम तुला. पांढराफेक आला तर मंग मागू नको." नातीचं तोंड उतरलं. मीच म्हणलं, वन्सं, हळदीपासून बोलवा, नुसतं लग्नाला येणार न्हाई ती. लेकानं पेपर खाली ठेवला.

रीळ काल-परवा न्हाई, आजच कुरिअरला गेलं. मी बिनघोर हाय. तू गेल्यापास्नं तुला धाडायला पत्ता न्हाई, म्हणून ही चिठ्ठी कॅमेऱ्याच्या जपानी डब्यात ठेवते, डबा तरी कामाला येईल. एवढंच सांगते, ते काळं कापड तुझ्या छत्रीचं व्हतं. मला सासरी धाडताना दिल्ती ती. काड्या कवाच्या मोडल्या, कापड तेवढं घडी घालून ठेवलं व्हतं, कुणाला हात लावू दिला न्हाई. पण परवा कात्री चालवताना माझा हात अडला न्हाई, माय.

वन्सं पुढच्या रविवारी येतो म्हणल्यात. नवरीलाबी संगं आणणार हायेत.