घेवड्यावरचा मावा आणि मुंग्यांची साखर

ता. ५ जाने., सोमवार
आमच्या गच्चीवर परचक्र आले आहे, आणि महापालिका, शासन, पंचांग यांपैकी कोणीही त्याची दखल घेतलेली नाही. सौ.च्या वालघेवड्यावर काळा मावा. कोवळे शेंडे, फुलांचे दांडे, सगळे तीळ थापलेल्या भाकरीसारखे. त्यात ढगाळ हवा. ती या किड्यांना मानवते म्हणे.

सौ. पुण्याला, गार्गीकडे. काखेजवळच्या गाठीचा तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट यायचाय. लेकीकडे बायको आणि शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा, त्यामुळे मी इथे. तिने येऊ दिलेही नाही. "तुम्ही येऊन काय करणार? डॉक्टरांना विभक्त्या विचाराल. त्यापेक्षा घेवडा सांभाळा. भोगीला मी येणार, भाजीत माझ्याच वेलाच्या शेंगा पाहिजेत."

संध्याकाळी फोन. "वेल कसा आहे?"
म्हटले, "उत्तम."

६ जाने.
साबणाचे पाणी मारले. एकेक शेंडा बोटांनी पुसला. शेजारच्या गच्चीवरून शिवलीलाबाई: "सर, अंघोळ घालायलाव व्हय वेलाला? मग उटणं बी लावा की." मग स्वतःच चुलीतली राख आणून दिली. राख भुरभुरली. वेल आता साधूसारखा दिसतो. मावा तसाच.

मंगळवेढ्याहून ताईचा फोन. वहिनीसाठी रोज सकाळी मुंग्यांना साखर-पीठ घाल, पीडा टळते. म्हटले, ताई, मुंग्यांचा आणि गाठीचा संबंध कोणत्या शास्त्रात? "हसू नकोस बाळ्या. घाल."
हसलो खरा.

७ जाने., बुध
घातली. चमचाभर साखर, चिमूटभर कणीक. मुंग्यांची रांग आधीपासून होती तिथेच, वेल लावलाय त्या पिंपाच्या बुडाशी. संस्कृतच्या शिक्षकाला हे शोभते का, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. कोणी पाहिले नाही. शिवलीलाबाई सोडून.

मावा दुप्पट. मोबाइलवर वाचले, यांच्यात प्रजोत्पादनाला नर लागत नाही. आमच्या घरातही कुठल्या कामाला लागतो.

८ जाने.
नळाला पाणी नाही, साबणाचा फवारा रद्द. पण एक शुभवर्तमान. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा आलाय. हा मावा खातो. जावई आल्यासारखे वाटले. त्याला एकांत मिळावा म्हणून लांब खुर्ची टाकून बसलो.
साखर घातली. आज जरा जास्त.

९ जाने., शुक्र
जावयाला हाकलले. मुंग्यांनी. डोळ्यांदेखत त्याच्या पायांना चावे घेत शेंड्यावरून खाली पाडला. मग वाचत बसलो. मावा अंगातून गोड थेंब टाकतो, मुंग्या तो पितात. म्हणून गवळी गाई राखतो तशा मावा राखतात.

म्हणजे सौ. बरी व्हावी म्हणून मी रोज मनोभावे तिच्याच वेलाच्या शत्रूंच्या पहारेकऱ्यांना शिधा पोचवत होतो, तोही त्यांच्या दारात. ताईच्या शास्त्रात हे कलम नसावे.

उपाय साधा. साखर बंद. पिंपाला आणि आधाराच्या काठ्यांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधायच्या, मुंगी चढत नाही. चिंध्या बांधल्या.

१० जाने.
सकाळी साखर घातली नाही.

शाळेत असताना गार्गीचा फोन. त्याच तुकड्याची अजून एक तपासणी करणार आहेत, रिपोर्ट लांबला. "बाबा, नेहमीचंच असतं." नेहमीचेच असते तर आवाज असा का... पुढच्या तासाला वर्गात काय शिकवले, आठवत नाही.

घरी आलो, बूट न काढता गच्चीवर गेलो, साखर घातली. पिंपाजवळच. कार्यकारणभाव मुलांना शिकवतो मी.

११ जाने., रवि
रात्रभर विचार करून तोडगा काढला. साखर गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, टाकीखाली. व्रतही राहील, वेलही. रांग वळेल का, पाहायचे. शिवलीलाबाई म्हणाल्या, "मुंग्यास्नी वेगळी पंगत मांडली काय सर?" व्हय म्हटले.

१२ जाने.
रांग अर्धी वळली. अर्ध्या निष्ठावंत, चिंध्या ओलांडून माव्याकडेच.
सौ. भोगीला येत नाही. "रिपोर्ट घेऊनच निघते." फोन लवकर ठेवला.

१३ जाने., मंगळ. भोगी
शेंगा निघाल्या, मूठभर. काही वाकड्या, चिकट. धुऊन, गाजर-हरभरा-वांगे घालून भाजी केली. मीठ जास्त. बाजरीची भाकरी शिवलीलाबाईंची.

सौ.ला फोन केला. म्हटले, खरे सांगतो, वेलावर मावा आहे.
"माहितीय. शिवलीलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही कधी सांगताय, वाट बघत होते."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्हाला तेवढंच काम."
मी विचारले, "तू मला सगळं सांगतेस ना?"
पलीकडे गार्गीच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता. मग म्हणाली, "भाजीत तीळकूट घातलंत का?"
विसरलो होतो. घातले म्हटले.

रिपोर्ट गुरुवारी. थोड्या शेंगा तिच्यासाठी वेलावरच ठेवल्यात. मावा जाईल, ऊन पडले की जातो. मला भीती वाटते ती तिच्यासाठी. ती आधीच काही ऐकून बसली आहे आणि मला सांगत नाही, असे वाटते. आणि तिच्याशिवाय या घरात कसे राहायचे, ते मला येत नाही.